शिवेवरची रिकामी टोपली

१२ डिसेंबर १९६१
आज आंब्याखाली दगड येऊन पडले. गाड्या भरून. जेठांनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावांनी, स्वतः उभं राहून उतरवून घेतले. आमच्याकडे बघितलंही नाही. जेवताना मात्र ह्यांना ऐकवलं, "यंदा केळं नासनं ना, ते मी तठे घर बांधसू. आपली आपली चूल."
हे म्हणाले, "काही नही व्हत, दादा."
काही नही व्हत! नदीकाठचं सगळं कपाशीचं रान ह्यांच्या शब्दावर केळीखाली गेलं. आमचंच नाही, गावातल्या आठ-दहा घरांचं. जाऊबाई विचारतात, "तुन्हा नवरानी जीभ शे का आगगाडी?" मी काय सांगू. मीच त्या गाडीत बसलेली.
मला केळ्याचं एवढं नाही. नासलं तर पुन्हा लावू. पण जाऊबाई त्या घरात आणि मी ह्या घरात, मध्ये भिंत, छे. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलोय. भाकरी त्या थापतात, मी भाजते. मला आता एकटीनं दोन्ही करता येईल का, देव जाणे.

२६ डिसेंबर
हे सारंगखेड्याच्या यात्रेहून आले. घोडा बघायला गेले होते, कल्पना घेऊन आले. घोडा परवडला असता.
यात्रेत सुरतेचे शेठ भेटले म्हणे. आपलं केळं तेच उतरवून घेतात. बोलता बोलता निघालं की टोपली तिकडे पोचली, केळं निघालं, की ती चुलीत जातात. कोणाच्या तरी न्हाणीचं पाणी तापतं. आणि इकडे आपण दर खेपेला नवी बांधून घेतो. ह्यांचं म्हणणं, केळं न्यायला सुरतेहून नंदुरबार स्टेशनात वाघीण, मालगाडीचा डबा, रिकामीच येते. मग तिच्यात आपली टोपली का येऊ नयेत?
मला पटलं. तसं तोंडावर बोलले नाही, उगाच चढून बसतील.

३ जानेवारी १९६२
रुमली आणि तिचा नवरा वेस्ता आले. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातले, दर हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या निंबाखाली उतरतात आणि केळ्याची टोपली विणतात. एरवी बांबूची गाडी भरून आणतात. यंदा दोघांच्या डोक्यावर दोन मोळ्या.
"बांबू नाय, बाई. जंगलना ठेकेदारनी बंद कयं."
झालं. एवढ्यात पहिली कापणी कशीबशी निघेल. दुसरीला काय? पदरात बांधून केळं पाठवायचं?
ह्यांनी रुमलीला रिकामी टोपली परत आणण्याचं सांगितलं, मोठ्या उत्साहानं. ती हसली नाही. मला नंतर हळूच म्हणाली, "मंग मी कसाले येऊ?" काय सांगणार. माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता.

९ जानेवारी
पहिली कापणी. टोपली पुरली, अगदी शेवटची फणी शेवटच्या टोपल्यात. गाड्या नं.बारला गेल्या. ह्यांनी शेठला कार्ड टाकलं. मला वाचून दाखवलं, छाती काढून. टोपली एकात एक घालून बांधावीत, आत कणभरही काही असू नये, नाहीतर रेल्वेवाले मालाचं भाडं लावतील, वगैरे. "बघ, सगळा विचार केलाय."
सगळा विचार केला असं पुरुष म्हणाला की मला धडकी भरते.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या काशीबाईंनी तिळाचे लाडू पाठवले होते, मी घाईघाईत त्यांची वाटी धुऊन परत दिली. रिकामी. सासूबाईंनी ओसरीवरून पाहिलं. डोळ्यांना धड दिसत नाही, पण हे दिसतं!
"रिकामं भांडं कोनी पाछं देस का? मायनी काही शिकाडं नही?"
धावत गेले, मूठभर हरभरे टाकून आले. काशीबाई म्हणाल्या, मी वाटच बघत होते. सगळं गाव असलंच. व्याऱ्याला माझ्या माहेरीही हेच आहे म्हणा, माझीच चूक. खीर करायची होती, ती गडबडीत राहिली.

२२ जानेवारी
आज काय झालं ते लिहायलाही लाज वाटते.
सुरतेहून टोपली आली. सगळी. एक मोडलेलं नाही. हे सकाळीच नं.बारला जाऊन गाडीत घालून घेऊन आले, शिवेपासूनच ओरडत, "उनात! टोपली उनात!" मी परातीतलं पीठ टाकून बाहेर. आणि पाहते तर सा.बाई काठी टेकत वाटेत उभ्या, बैलांच्या समोर.
"रिकामं टोपलं दारमा? कोन मरी गयं का मन्हा घरमा?"
हे समजावायला लागले. रेल्वे, भाडं, वाघीण. सा.बाई ऐकतात होय! त्यांचं एकच. भरून गेलेलं टोपलं रिकामं परत घेतलं की घरातली बरकत त्यातून निघून जाते. बाकीची घरंही त्यांच्याच मागे. काशीबाईंच्या मुलानं तर आपल्या वाटची टोपली ओळखून दाखवली, आणि हात लावला नाही.
गाडी परत शिवेवर नेऊन सोडली. टोपली बाभळीखाली रचून ठेवली आहेत. जेठ आंब्याखाली जाऊन दगडांवर बसले.

२३ जानेवारी
दुसरी कापणी तोंडावर. घड पोसून टच्च झालेत, एक-दोन झाडांवर पिवळा डोळा दिसतो आहे. चार दिवसांत कापून वाघिणीत गेलं नाही तर सुरतेला चिखल पोचेल.
हे दिवसभर गावात भाषण करत फिरले. विज्ञानाचं युग आहे, माणूस आकाशात गेला, तुम्ही टोपल्याला भिता. कोणी वाद घातला नाही. सगळ्यांनी मान डोलावली, चहा पाजला, आणि टोपली आणायला कोणी गेलं नाही.
मी म्हटलं, आपणच मूठभर ज्वारी टाकून आणू या ना. सा.बाई म्हणाल्या, असं चालत नाही. "ज्यानी ठेवी लिधं, त्यानीच भरीसन पाछं देवाले पाह्यजे." आपल्याच हातानं आपलं भांडं भरून आणलं तर तो देवाला फसवण्याचा धंदा.
बोलणं बरोबर आहे त्यांचं, हाच त्रास आहे. सुरतेचा माणूस कुठून आणू?
रुमलीनं एक बांबू शिल्लक ठेवलाय. एका बांबूत काय होणार.
जाऊबाईंशी बोलायला गेले तर त्या आंब्याकडे बघत भाकरी थापत होत्या. भाकरी परातीबाहेर गेली. मी ती उचलून तव्यावर टाकली.

२५ जानेवारी
सुटले. सुटलो. आधी हे लिहिते, मग बाकीचं.
दुपारी सा.बाईंनी हाक मारली. ओसरीवर सगळे. जेठ होते म्हणून मी पदर पुढे ओढला आणि खांबाआड उभी राहिले.
"तू तथली ना?"
मला कळेना. जाऊबाईंनीच विचारलं, कोठली?
"तथली. सुरतकडली. व्याऱ्यानी."
लग्न होऊन आले तेव्हा मला धड पदर सावरता येत नव्हता. ह्या घरात दोन बाळंतपणं झाली, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढलं, तापीचा पूर आला तेव्हा ह्याच हातांनी धान्याची पोती वर चढवली. आणि मी तथली! दोन वर्षांखाली राज्यं वेगळी झाली तेव्हा जाऊबाईंनी चेष्टा केली होती, "आते तू परराज्यानी." तेव्हा पोट धरून हसले होते. आज हसू आलं नाही. भांडणार होते, पण मला अहिराणीत भांडता येत नाही. भांडण आलं की तोंडात बडोदा संस्थानाच्या शाळेतलं मराठी येतं आणि सगळे हसतात.
सा.बाई पुढे म्हणाल्या, "मंग तूच टाक त्यासमा काही. तथल्या माणूसनी टाकं म्हंजे झायं."
मग हे टाळी वाजवून उठले, जणू ह्यांनाच सुचलं होतं.
तथलं माझ्यापाशी काय? दिवाळीला भावानं आणलेला व्याऱ्याचा तांदूळ. खिरीसाठी जपलेला. मडकं कमरेवर घेऊन निघाले. सा.बाईंची अट, शिवेच्या बाहेर जायचं, तिथून टाकायचं, आणि टोपल्यांबरोबर गावात यायचं. जाऊबाई माझ्याबरोबर आल्या, शिवेच्या दगडापाशी थांबल्या. त्या अलीकडे, मी पलीकडे. "जाय," म्हणाल्या, "मी आठेच शे."
एकेका टोपल्यात चिमूट चिमूट टाकली. वाऱ्यानं दाणे उडत होते, मी आडवी बसून टाकत होते. रुमलीही आली, टोपली धरायला. तिला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं. तांदूळ संपत आला तसे दाणे मोजून टाकायची वेळ आली, पण एकही टोपलं सुटलं नाही.
मग गाडीत टोपली, टोपल्यांमागे मी, पदर घेऊन. गावातल्या बायका रस्त्यावर. सा.बाई पुढे आल्या, वरच्या टोपल्यात हात घालून चाचपलं, दाणे बोटाला लागले. जाऊबाईंनी गाडीच्या चाकांवर पाणी घातलं. लग्नाच्या वेळीही असंच घातलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी मला हात धरून उतरवलं होतं.
आज सा.बाईंनी धरला. "ये," म्हणाल्या.
रडू फुटलं मला, सगळ्यांदेखत. रागाचं की सुटकेचं, विचारू नका. दोन्हीचं असेल.
संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरानं आपापली टोपली नेली. तांदूळ सगळ्यांनी वेचून देवापाशी ठेवला. आमची खीर अख्ख्या गावाच्या देवघरात गेली.

२७ जानेवारी
कापणी झाली. पाठ मोडली. केळीच्या चिकानं लुगडी काळी. वाघीण वेळेवर लागली, माल हिरवा गेला. हे स्टेशनाहून आले ते झोपलेच, जेवण राहिलं. घोरणं ओसरीपर्यंत. ऐकून फार बरं वाटलं.

४ फेब्रुवारी
सुरतेहून कार्ड. माल उत्तम पोचला, खराबी नाही. देवा, उपकार तुझे.
पुढे शेठनी लिहिलंय ते ह्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच कार्ड खिशात घालू लागले. मी कार्ड ओढून घेतलं. शेठ लिहितात, मागल्या खेपेला आमच्या बांनी, म्हणजे आईंनी, प्रत्येक टोपल्यात एक सुपारी टाकली होती, रिकामं कसं पाठवायचं म्हणून. पण कणभरही काही नको असं आपलं कार्ड आलं, तेव्हा मीच सगळ्या काढून घेतल्या. बा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.
म्हणजे टोपली भरूनच येत होती! ह्यांनीच रिकामी करवून घेतली! सगळा विचार केला होता ना!
सा.बाई हसता हसता खोकायला लागल्या. "देख, तथे बी मन्हासारखीच म्हातारी शे." जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. आणि जेठ, दगड आल्यापासून न हसलेले जेठ, मान खाली घालून खो खो हसले. "तुन्हा कागदना घोडा!" म्हणाले ह्यांना. हे कानापर्यंत लाल.
रात्री भाकरी जास्त लागली. मी भाजत होते, त्या थापत होत्या. दोघींचाही हात भरभर चालला.

१७ फेब्रुवारी
दुसऱ्या खेपेची टोपली आली, प्रत्येकात सुपारी. ह्यांनी मुकाट्यानं नवं कार्ड टाकलं होतं, ह्या वेळी सा.बाईंच्या सांगण्यावरून.
स्टेशनात मात्र अडलं. मालाचे कारकून नवे, साताऱ्याकडचे. हे रिकामं की भरलेलं? ह्यांनी सगळी कथा सांगितली. ह्यांची कथा म्हणजे पुढची गाडी येऊन गेली असेल. कारकुनांनी एक सुपारी हातात घेऊन उलटसुलट पाहिली म्हणे. मग म्हणाले, "आमची आईसुद्धा शेजारणीची वाटी तशी देत नाही." आणि रिकाम्या बारदानाची पावती फाडली. ह्यांनी ती सुपारी त्यांनाच ठेवून घ्यायला सांगितली.
गावात टोपली शिवेवर थांबलीच नाहीत. सरळ दारात. मला बोलावणं आलं नाही. आज माझी गरज नव्हती. बरं वाटलं. थोडं चुकल्यासारखंही.

६ मार्च
रुमलीचं काम कमी होईल ही भीती मला महिनाभर कुरतडत होती. तिच्यासमोर जाताना नजर चुकवत होते. पण टोपली परत आली की काठ उसवलेले, बूड सैल, एखादी पट्टी तुटलेली असतेच. ती सगळी रुमलीकडे येतात. एका नव्या टोपल्याला लागतो त्या बांबूत ती कितीतरी जुनी उभी करते. अंगणात आता सकाळपासून बायकांची रांग. वेस्ता तिला चिडवतो, विणकरीण होती, आता डाक्तरीण झाली. तिनं त्याला बांबूची काडी फेकून मारली.
मी विचारलं, पुढच्या वर्षी येशील ना?
"तू बलावशी ते येसू."
बोलावीन. ठेकेदाराचं काय होईल ते होवो.

१५ मार्च
होळीसाठी दोघं डोंगरात गेले. त्यांची होळी म्हणजे बारा गावचे लोक, ढोल, रात्रभर नाच. रुमलीची बोळकी-भांडी टोपल्यात बांधलेली. सा.बाई निंबापर्यंत स्वतः गेल्या, त्या टोपल्यात ज्वारी घातली, वर केळ्याची फणी. "मन्हा दारतून कोनी रिकामं जात नही." वेस्तानं डोक्यावर घेतलं तेव्हा मान वाकली त्याची. हसत गेला.

१० एप्रिल
शेवटची कापणीही गेली. वर्ष निघालं. लिहिताना हात हलका वाटतो आहे.
दगड आहेत तिथेच आहेत. त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. मी विचारणार नाही. जाऊबाईंनी आज त्यांच्यावर धोतर पसरून बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातले. ऊन चांगलं लागतं म्हणाल्या. जेठांनी पाहिलं, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, मीठ कमी आहे म्हणाले आणि गेले.
मग दुपारी त्यांनीच ह्यांना विचारलं, "यंदा कंद कोठून आनशी?" केळीचे कंद! ह्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बोलायला लागले ते दिवेलागणीपर्यंत.
पण जेठ ऐकून घेऊन उठले. एकत्र राहू म्हणाले नाहीत, वेगळं होतो असंही म्हणाले नाहीत.

२८ एप्रिल, आगगाडीत
भाच्याचं लग्न. व्याऱ्याला चालले आहे, एकटीच, हे दोन दिवसांनी येतील.
सकाळी सा.बाईंनी माहेरी द्यायला टोपलं भरलं. केळं, बिबडे, वर रुमालात बांधलेले हरभरे. रुमलीनं काठ बांधलेलं जुनंच टोपलं, सुरतेला जाऊन आलेलं. मी वाकून नमस्कार केला आणि थट्टेनं म्हटलं, काळजी करू नका, भरूनच परत आणते.
त्यांनी माझं मनगट धरलं. किती घट्ट धरतात अजून.
"टोपलं नही उनं तरी चालीन, बई. तू ये."
जाऊबाईंनी पाठीवर थाप मारली, गाडी चुकेल म्हणून.
नवापूर आलं. शेजारच्या रुळावर रिकाम्या वाघिणी उभ्या आहेत, दारं उघडी, नं.बारकडे तोंड करून. टोपलं मांडीवर घेतलंय, खाली ठेवावंसं वाटत नाही. समोरची बाई विचारते, माहेरी की सासरी? मी म्हटलं, माहेरी. घर मागे आहे.
येताना तांदूळ आणीन. खीर राहिली आहे ती राहिलीच आहे. एका पातेल्यात होईल की दोन चुलींवर दोन, ते परत गेल्यावर कळेल. मी तांदूळ मात्र एकाच पातेल्याच्या बेतानं आणणार आहे.